पाण्याजवळची अक्का

पापनाशमच्या बसस्टँडवर मी तंजावरच्या बसची वाट पाहत उभी होते. आदल्या दिवशी मैत्रिणीच्या नातवाचं बारसं झालं होतं, हातातल्या पिशवीत तिने दिलेली केळी होती, आणि सकाळी नऊलाच ऊन असं तापलं होतं की मी एका खांबाच्या सावलीत कशीबशी मावले होते. माधवचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. म्हणाला, "अक्का गेली." मी सहज विचारलं, "आता कुठे गेली?" कित्येक वर्षं आमच्या घरात 'अक्का गेली' याचा अर्थ एकच होता. बॅग भरून, चेन्नईहून विमान पकडून, नकाशात शोधावं लागेल अशा कुठल्यातरी ठिकाणी ती निघाली. मग मला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू आला आणि पिशवी माझ्या हातून खाली सुटली... सकाळची कॉफी करायला उठली, ओसरीवरच्या खुर्चीत जरा टेकली, ती उठलीच नाही. अडुसष्ट वर्षांची होती. गोळीबार चाले त्या ठिकाणी राहून आलेली आमची सुगुणाअक्का स्वतःच्या घरी, स्वतःच्या खुर्चीत, वर्तमानपत्र यायच्या आधी गेली. याला आठ आठवडे झाले.

ती माझी थोरली नणंद. आमच्या मिरजेकडच्या रिवाजाने मी तिला 'वन्सं' म्हणायला हवं होतं. लग्न होऊन तंजावरला आले तेव्हा पहिल्या दिवशी तसं म्हटलंही. ती खळखळून हसली. "वन्सं म्हणजे कोण? मी अक्का. आणि आमचे येथें अक्कास अहो-जाहो करीत नाहींत." या घरची मराठी ऐकून मी पहिले काही दिवस थक्क होते. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इथे आलेली ही माणसं, तेव्हाची भाषा सोबत घेऊन आली आणि ती तमिळच्या चालीवर अजून बोलताहेत. माझ्या पणजीची पणजी बोलत असेल तसं बोलणारी ही बाई साडी खोचून मोपेडवर बसायची आणि राज्याच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होती! कालव्यांच्या कडेकडेने, भातशेतांमधल्या गावागावांतून ती टाक्या नि हातपंप तपासत फिरायची. संध्याकाळी चिखलाचे पाय घेऊन मागच्या दाराने घरात यायची.

मला तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता. भाजीवाली दारात येऊन काय बोलते ते न कळून मी रडकुंडीला येई. एकदा अक्काने ते पाहिलं. म्हणाली, "भिऊं नकोस. दोन मासांत तमिळ येईल, मी शिकवीन. पण मज तुझें लिहिणें शिकीव." त्या घरात सगळे मराठी बोलत, पण देवनागरी वाचता कोणालाच येत नसे. लिहायचं ते तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत. मग रविवारी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात पाट्या घेऊन बसायचो. ती अठ्ठेचाळीस अक्षरांची यादी बघून कपाळाला हात लावी. पुढे अक्षरं आली, पण शब्दांच्या डोक्यावरची रेघ काढायला तिने शेवटपर्यंत साफ नकार दिला. "ती कशास? रेघेवांचून शब्द कळतो कीं नाहीं?" मी म्हटलं, कळतो. "मग?" मी पाटी पुसली. तेव्हा मला कल्पना नव्हती की या शिकवणीचा पुढे काय उपयोग होणार आहे.

नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर समुद्राची ती भयंकर लाट आली तेव्हा खात्याने अक्काला तिकडे पाठवलं. महिनाभर ती घरी आली नाही. हजारो माणसं शाळांमध्ये, मंडपांमध्ये पडलेली, विहिरी खाऱ्या झालेल्या, आणि तिच्याकडे तिचे दोन-तीन फिटर नि आठ टँकर. तिथे मदतीला आलेल्या एका परदेशी संस्थेच्या लोकांनी तिचं काम पाहिलं आणि विचारलं, दुसऱ्या देशांत, निर्वासितांच्या वस्त्यांवर, आमच्याबरोबर याल का? सत्तेचाळीस वर्षांची, निवृत्तिवेतनाची सरकारी नोकरी असलेली बाई. सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणायचो, त्या दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लग्न केलें नाहींस. आतां घरही नको झालें?" अक्का भांडी पुसत होती. पुसतच राहिली. मग म्हणाली, "घर हवें, अम्मा. पण तेथें लोकांस पाणी नाहीं." अम्मांनी विचारलं, "तेथें युद्ध आहे कां?" "युद्ध दूर असतें. मी पाण्याजवळ असतें." हे उत्तर ती पुढे अम्मा असेपर्यंत देत राहिली आणि ते कधीच खरं नव्हतं.

ते खरं नाही हे फक्त मला माहीत होतं. कारण माधवला ती इंग्रजीत दोन ओळींचे निरोप पाठवी, सगळं ठीक, जेवण बरं आहे. अम्मांना फोनवर हवापाणी सांगे. आणि जे या दोघांना सांगायचं नसे ते मला देवनागरीत लिही. घरात कागद कुठेही पडला तरी तो वाचणारी मी एकटी! आधी ती पत्रं कोणातरी परतणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती चेन्नईला येऊन टपालात पडत, पुढे हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो काढून ती फोनवर पाठवू लागली. डोक्यावर रेघ नसलेले, सुटे सुटे, आपापल्या पायांवर उभे असलेले शब्द.

सुरुवातीला ती दोन-तीन देशांत थोडी थोडी राहिली. शेवटची सात वर्षं दक्षिण सुदानमध्ये. तिथे एका मोठ्या नदीपासून चालत तासाभरावर, लढाईतून पळून आलेल्या लोकांची वस्ती उभी राहिली होती. ताडपत्र्यांची, गवताची, हजारो घरं. त्या सगळ्यांचं पिण्याचं पाणी आणि संडास ही अक्काची जबाबदारी. पहिल्याच पत्रात तिने लिहिलं होतं, "माती आपल्यासारखी. काळी. उन्हाळ्यांत भेगा, पावसांत डिंक. येथें मज परकें वाटत नाहीं." तिच्या आधीच्यांनी खड्डे खणून संडास बांधले होते, पावसाळ्यात ते भरून वाहिले आणि ढासळले. कावेरीच्या खोऱ्यात वाढलेल्या बाईला अशी माती पाणी कसं धरते ते कोणी सांगायला नको होतं. तिने जमिनीच्या वर भराव घालून उंच संडास बांधायला घेतले. नदीतून पाणी उपसायचं, तुरटीने गाळ बसवायचा, क्लोरीन घालायचं, पाईपने वस्तीत आणून नळ द्यायचे. ऐकायला किती सोपं.

पण नदीकाठी राहत होते ते लढाईतल्या दुसऱ्या बाजूचे लोक. पाईप त्यांच्या झोपड्यांवरून जायची, आणि ती कापली जायची. जोडली की पुन्हा कापली जायची. संस्थेतले काही जण म्हणाले, बंदूकवाले पहारेकरी ठेवू. अक्काने विचारलं, नदीकाठचे लोक कुठलं पाणी पितात? कोणालाच माहीत नव्हतं. ती स्वतः जाऊन बघून आली. ते नदीचं गढूळ पाणी तसंच पीत होते, आणि त्यांच्या पोरांना हगवण लागलेली होती. तिने ठरवलं, पहिला नळ नदीकाठी. वस्तीतले पुढारी खवळले. आमची माणसं ज्यांनी मारली त्यांना आमच्या आधी पाणी? ही बैठक तिने मला सविस्तर लिहिली होती. एक जण उठून तिच्या तोंडासमोर काठी नाचवत होता. ती म्हणाली, "तुम्ही तहानलेले असाल आणि तुमच्या दारावरून दुसऱ्याचं पाणी रोज वाहत गेलं, तर तुम्ही काय कराल?" मग काठीवालाच खाली बसत म्हणाला, "कापीन."

नदीकाठचा पहिला नळ आठवड्यात कोणीतरी फोडला. अक्काने दुसरा बसवला. तो टिकला. नंतर पाईपही टिकली. एकदा दोन्ही बाजूंच्या तरुणांमध्ये चकमक उडाली, आणि अक्का पंपघरात जमिनीवर पालथी पडून राहिली, तेव्हा नदीकाठच्याच दोन बायका तिला हाताला धरून आडवाटेने बाहेर घेऊन आल्या. हे मी वाचलं तेव्हा अम्मा माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होत्या. "काय लिहिते?" मी म्हटलं, "पंप चांगला चालतो म्हणते."

तिच्या आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट मात्र गोळीबार ही नव्हती. पाण्याचा निचरा चांगला व्हावा म्हणून तिने बायकांचे संडास वस्तीच्या कडेला, उंचवट्यावर, एका सरळ रांगेत बांधले होते. नकाशावर उत्तम. तिच्या हाताखाली न्याबोल नावाची एक विधवा काम करायची, स्वतः पळून आलेली, घरोघर जाऊन स्वच्छतेविषयी बोलणारी. तिने अक्काला सांगितलं होतं की बायका तिकडे जायला घाबरतात, घरातच डबे वापरतात. अक्का म्हणाली, पावसाळा तोंडावर आहे, आधी बांधकाम उरकू, मग हलवायचं बघू. महिन्याभरात, एका पहाटे, तिकडे गेलेल्या एका मुलीवर हल्ला झाला... त्या पत्रात अक्काने मुलीचं नाव लिहिलेलं नाही. मलासुद्धा कधी सांगितलं नाही. फक्त इतकंच, "ती जिवंत आहे. न्याबोलने मज सांगितलें होतें. मी ऐकिलें नाहीं. चूक माझी." आणि खाली पान कोरं.

अशा वेळी मोठ्या कामावरची माणसं काय करतात ते आपण सगळे जाणतो. कागद फिरतात, दोष दुसऱ्याच्या नावावर पडतो. अक्काने बायकांना झाडाखाली बोलावलं आणि उभं राहून, दुभाष्याकरवी, सगळ्यांसमोर तेच सांगितलं जे मला लिहिलं होतं. एका म्हातारीने तिला विचारलं, "तू एवढी शिकलीस, पण बाई कुठल्या वाटेने चालते ते तुला कोणी शिकवलं नाही?" अक्का म्हणाली, "नाही शिकवलं. तुम्ही शिकवा." दुसऱ्या दिवसापासून बायका पुढे आणि ती खुंट्यांची मोळी घेऊन मागे, अशी सगळी वस्ती त्यांनी पायी पालथी घातली. बायका सांगतील तिथे ती खुंटी ठोकायची. लांब रांग गेली. चार-चार घरांजवळ एक-एक संडास, आतून कडी, दार वस्तीकडे तोंड करून. निचऱ्यासाठी तिला दुप्पट खणावं लागलं. पावसात ते सगळं तिने पुरं केलं. आणि स्वतःच्या वरिष्ठांना स्वतःविरुद्ध अहवाल पाठवला. मला लिहिलं, "कदाचित् घरीं येईन. अम्मास सांगूं नकोस, आशा लागेल." त्यांनी तिला काढलं नाही. उलट जिथे जिथे नवी वस्ती उभी राहील तिथे बायकांना विचारल्याशिवाय एकही खड्डा खणायचा नाही, हा नियम तिच्याकडूनच लिहून घेतला.

ती थोर होती असं मी आज लिहिते, पण तिच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. सुट्टीवर आली की घरातला ठिबकणारा नळ बघून आमचा उद्धार करायची. लग्नकार्यांना येत नसे, आली तर जेवणाच्या मांडवामागे जाऊन सांडपाणी कुठे सोडलंय ते बघत बसे. आणि अम्मांचं सगळं माझ्यावर पडलं होतं. त्यांचे गुडघे गेले, डोळे मंदावले. एका पावसाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या आणि मी एकटीने त्यांना उचललं. त्या दिवशी मी अक्काला रागाने लिहिलं, "तुला परक्यांची तहान दिसते, घरातलं माणूस दिसत नाही." पाठवलं आणि लगेच वाटलं, पाठवायला नको होतं. तीन आठवडे उत्तर नाही. मग एक कागद आला, त्यावर दोनच शब्द होते, "खरें आहे." आणि त्याच्या मागोमाग ती स्वतः. दोन महिने राहिली. अम्मांना न्हाऊ घातलं, वेणी घातली, मला म्हणाली, तू मिरजेला जा, तुझ्या आईला भेट. मी गेले. परत आले तेव्हा न्हाणीघरात तिने कमरेच्या उंचीवर भिंतीला लोखंडी दांडा बसवून घेतला होता, आणि अम्मा तो धरून एकट्या चालत होत्या.

पुढच्या वर्षी अम्मा आजारी पडल्या त्या उठल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत एकदा त्यांनी मला जवळ बसवलं. अक्काचं नवं पत्र आलं होतं, मी नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं, पाऊस, मासे, नवा टँक. अम्मा डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "तूं गाळतेस."

मी फोन खाली ठेवला.

"गाळतांना तुझा आवाज मोठा होतो. पहिल्यापासून. मज कळतें." मी म्हटलं, अम्मा, ती म्हणाली म्हणून... त्यांनी माझा हात दाबला. "गाळ. मज नको तें. पण तुज सगळें लिहिते ना? एकास तरी सगळें सांगते ना?" मी म्हटलं, हो, सगळं. "बस् मग," म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

तिकडे पावसाने धावपट्टी बुडाली होती. अक्का पोचली तेव्हा अम्मांना जाऊन चार दिवस झाले होते. आली ती सरळ स्वयंपाकघरात येऊन खाली बसली. "अम्मास काय काय ठाऊक होतें?" मी सांगितलं. तीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच. आवाज न करता, गुडघ्यांवर कपाळ टेकून, बराच वेळ. मग उठली, तोंड धुतलं आणि मला म्हणाली, "मी परतून येतें आतां. तेथलें न्याबोल पाहील. माझ्यापेक्षां बरें पाहील." आणि खरोखरच वर्षभरात सगळं न्याबोलच्या हाती सोपवून ती कायमची घरी आली.

घरी येऊन बसली असती तर ती अक्का कसली. माडीवरची खोली तिने रिकामी केली, लांब टेबल मांडलं, आणि दर शनिवारी आजूबाजूच्या गावांतल्या बायकांना बोलवायला लागली. या बायका पंचायतीच्या पाण्याच्या टाक्या भरणाऱ्या, पंप चालू-बंद करणाऱ्या. तिरुवैयारूकडून, पापनाशमकडून, मधल्या लहान लहान गावांतून बसने, मोपेडने यायच्या. प्रत्येकीने गावातल्या सगळ्यात शेवटच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणायचं. काचेच्या नळीत ते पाणी घ्यायचं, त्यात एक गोळी टाकायची. पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर ते गुलाबी होतं. नसेल तर पाणी तसंच राहतं, आणि मग ते पिण्याजोगं नाही. अक्का त्यांना कधी रागावली नाही. आमच्यावर रागावायची तेवढी पुरे होती बहुधा. एखादीची नळी तशीच राहिली तर विचारायची, काय झालं? आणि ती बाई सांगेपर्यंत थांबायची. घाई न करता ऐकणं ती तिकडून शिकून आली होती, मोठी किंमत देऊन.

तिच्या तेराव्यानंतरचा शनिवार. कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. दहा वाजता दारात सहा-सात बायका उभ्या. सगळ्यांना बातमी कळली होती, त्या भेटायला आल्या होत्या. ओसरीवर बसल्या, थोडं रडल्या, मी कॉफी आणली. माधव उठून आत गेला. पापनाशमजवळच्या एका गावातली सेल्वी माझ्याकडे बघून तमिळमध्ये म्हणाली, "बाटली आणली आहे. आणावी की नाही कळत नव्हतं... पण शनिवार होता." मग दुसरीने पिशवीत हात घातला. तिसरीने. सगळ्यांनी आणल्या होत्या.

मी माडीची खोली उघडली. अक्का गेल्यापासून ती बंदच होती, टेबलावर बारीक धूळ बसली होती. एकीने पदराने ती पुसली, एकीने खिडकी उघडली. नळ्या कपाटात कुठे असतात ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ओळीने नळ्या मांडल्या, पाणी भरलं, गोळ्या टाकल्या आणि सगळ्या वाकून बघत राहिल्या. एक गुलाबी झाली, मग दुसरी, मग तिसरी. सेल्वीची झाली नाही. तिने नळी हलवली, खिडकीजवळ उजेडात नेली. पाणी तसंच स्वच्छ, रंग नसलेलं. मीच न राहवून विचारलं, "काय झालं?"

"काल रात्री वीज नव्हती. सकाळी घाईत टाकी भरली," सेल्वी म्हणाली. "क्लोरीनची पावडर घालायची राहिली." तिने घड्याळाकडे बघितलं. शनिवार असूनही शाळा होती, पोरं साडेबाराला जेवायला सुटतात, त्या टाकीचंच पाणी पितात. ती जिन्याकडे निघाली. मी म्हटलं, अगं, कॉफी तरी पुरी कर. ती जिन्यावरूनच मला म्हणाली, "नको अम्मा, नंतर," आणि खाली मोपेड सुरू झाल्याचा आवाज आला. बाकीच्या बायकांनी तिची नळी धुतली, पुसली आणि वाळायला उपडी ठेवली.